न दुखणारी जखम : साखरेचा आजार असणाऱ्यांनी पाय कसे जपावेत

ढाणकी आणि आसपासच्या वस्त्यांमध्ये साखरेचा आजार आता नवा राहिलेला नाही. एकेका गल्लीत दोन-चार घरी तरी गोळ्यांची पाकिटे फळीवर दिसतात. गोळी घेतली, चहात साखर कमी केली, की आपले काम संपले असे बहुतेकांना वाटते. पायाकडे मात्र कोणी पाहत नाही. हा आजार असलेल्या माणसाचे घर सर्वांत आधी बसते ते पुष्कळदा पायामुळेच.

आपली बहुतेक घरे रोजीवर चालतात. कापसाची वेचणी, सोयाबीनची सोंगणी, निंदण, फवारणी, बांधकामावरचे काम, हातगाडी, बाजारातले दुकान ही सारी कामे उभ्या पायांवरची आहेत. पायाला जखम होऊन माणूस दोन महिने खाटेवर पडला तर त्याची मजुरी जाते, त्याला सांभाळणाऱ्या बाईचीही जाते. बोट कापावे लागले तर चाल बदलते. पाय गेला तर मुलीचे शिक्षण, मुलाचे लग्न, घेतलेले कर्ज हे सगळेच हिशेब बिघडतात. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर आम्ही फक्त पायाबद्दल लिहीत आहोत. हे पान वाचून झाल्यावर घरातल्या मोठ्या माणसांना वाचून दाखवा. ज्यांना साखर आहे त्यांच्यातल्या अनेकांना बारीक अक्षर नीट दिसत नाही.

आजार किती पसरला आहे

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशभर केलेल्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार २०२१ साली देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह होता आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर होते. हा शहरातल्या खात्यापित्या लोकांचा आजार आहे हा समज आता सोडायला हवा. खेड्यातल्या, कष्टाच्या, अंगाने सडपातळ माणसालाही तो होतो, आणि त्याचा मधुमेह बहुधा उशिरा कळतो, कारण त्याला साखर असेल असे कोणाच्या मनातही येत नाही.

मधुमेह असलेल्या दर पाच माणसांपैकी एकाला, काही अभ्यासांप्रमाणे तिघांपैकी एकाला, आयुष्यात कधी ना कधी पायाची चिघळणारी जखम होते. मधुमेहामुळे जे पाय कापावे लागतात त्यांतल्या सुमारे ८५ टक्के पायांची सुरुवात अशाच एका लहान जखमेपासून झालेली असते. कोठे चप्पल लागून फोड आलेला असतो, कोठे काटा मोडलेला असतो, तर कोठे टाचेची भेग चिरलेली असते. ती जखम वेळेवर सांभाळली असती तर यातले पुष्कळसे पाय वाचले असते.

आपल्या समाजाला हा आजार तसा परका नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना मधुमेह होता आणि पायांच्या तीव्र वेदनांनी त्यांना वर्षानुवर्षे छळले. राज्यघटनेच्या मसुद्याचे काम त्यांनी याच दुखण्यात केले. मुंबईत डॉ. मालवणकरांकडे उपचार घेत असताना त्यांचा डॉ. शारदा कबीर यांच्याशी परिचय वाढला. १५ एप्रिल १९४८ रोजी दोघांचा विवाह झाला आणि पुढे माईसाहेबांनीच त्यांचे औषधपाणी सांभाळले. अखेरच्या वर्षांत चालताना त्यांना आधार लागत असे. घरात जाणते माणूस आणि नियमित औषध असूनही हा आजार माणसाला किती पिडतो हे यावरून कळावे. ज्यांच्याकडे यातले काहीच नाही त्यांनी तर अधिक सावध राहायला हवे.

पाय बधिर का होतो

रक्तातली साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की दोन गोष्टी बिघडतात. पहिली म्हणजे नसा. मेंदूपासून सर्वांत लांब असलेल्या पायाच्या नसा आधी खराब होतात. सुरुवातीला मुंग्या येतात, तळव्यांची आग होते, रात्री पाय जळतात, कापसावर चालल्यासारखे वाटते. पुढे ही आग हळूहळू कमी होते. माणसाला वाटते बरे झाले. प्रत्यक्षात तिथली संवेदनाच गेलेली असते. मग चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, खिळा घुसला तरी कळत नाही, गरम पाण्याने कातडी भाजली तरी कळत नाही. घाम येणे बंद होते, त्यामुळे कातडी कोरडी पडून भेगा पडतात.

दुसरी गोष्ट म्हणजे रक्तवाहिन्या. त्या अरुंद होतात आणि पायापर्यंत पुरेसे रक्त पोहोचत नाही. रक्त नाही म्हणजे जखम भरायला लागणारा माल नाही, आणि पोटात घेतलेले औषधही जखमेपर्यंत नीट जात नाही. बिडी, सिगारेट यांनी या वाहिन्या अधिकच खराब होतात. तंबाखू आणि खर्राही पायाच्या भल्याचे नाहीत.

जखम दुखली असती तर माणूस लंगडला असता, बसला असता, दवाखान्यात गेला असता. दुखत नाही म्हणून तो त्याच पायावर आठवडाभर कामाला जातो. प्रत्येक पावलाला जखम दाबली जाते, आत खोल जाते. वरून रुपयाएवढे तोंड दिसते आणि आत हाडापर्यंत पोकळी झालेली असते.

विदर्भाला ठाऊक असलेला धडा

न दुखणाऱ्या पायाची कथा विदर्भाने फार आधी पाहिली आहे. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये कुष्ठरोग्यांची सेवा सुरू केली. १९४९ मध्ये बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभारले. कुष्ठरोगात बोटे झडतात, पाय झिजतात, हे जुनी माणसे पाहत आली होती. रोगच मांस खातो, असे सर्वांना वाटे. तमिळनाडूतल्या वेल्लोरला काम करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी हे कोडे सोडवले. त्यांनी दाखवले की नसा बधिर झाल्यामुळे माणसाला इजा कळत नाही, त्याच जागी पुन्हा पुन्हा इजा होते, आणि त्यामुळे हातपाय झिजतात. पायाला दाबापासून वाचवले तर तीच जखम भरून येते. त्यासाठी मऊ रबराच्या तळाची चप्पल वापरात आली, तिला एमसीआर चप्पल म्हणतात. जखमेच्या पायाला घट्ट बसणारे प्लॅस्टर घालून वजन सगळ्या तळव्यावर सारखे वाटून देण्याची रीतही कुष्ठरोग्यांच्या सेवेतूनच आली. पुढे डॉ. ब्रँड अमेरिकेत गेले आणि हेच ज्ञान मधुमेहाच्या पायांसाठी वापरले जाऊ लागले. आज जगभरच्या मोठ्या रुग्णालयांत जे केले जाते, त्याचे मूळ असे आपल्या देशातल्या सर्वांत दूर लोटलेल्या माणसांच्या सेवेत आहे.

नागपूरचे डॉ. शरद पेंडसे यांनी मधुमेहाच्या पायांवर मोठे काम केले. टांझानियाचे डॉ. झुल्फिकारअली अब्बास यांच्यासोबत त्यांनी २००७ मध्ये एका कार्यक्रमाची माहिती प्रसिद्ध केली. त्या कार्यक्रमाचे नावच ‘पायरी-पायरीने’ अशा अर्थाचे होते. गरीब देशांत एक डॉक्टर आणि एक परिचारिका अशी जोडी तयार करायची, तिला पाय तपासायला, जखम साफ करायला, रुग्णाला शिकवायला शिकवायचे, अशी त्याची रीत. महागडी यंत्रे नसली तरी पुष्कळ पाय वाचवता येतात, हा त्यामागचा विचार. या दोघांनीही एका गोष्टीकडे लक्ष वेधले आहे, ती म्हणजे उंदराचे चावे. जमिनीवर झोपणाऱ्या, पाय बधिर झालेल्या माणसाची बोटे रात्री उंदीर कुरतडतात आणि त्याला सकाळी चादरीवर रक्त दिसल्यावर कळते. वस्तीत राहणाऱ्या आपल्याला हे वेगळे सांगायला नको.

घरच्या घरी स्पर्शाची परीक्षा

पाय बधिर होतो आहे का, हे घरातल्या कोणालाही दोन मिनिटांत पाहता येते. पैसा लागत नाही.

साखर असलेल्या माणसाला खाटेवर बसवा, चप्पल-मोजे काढा, डोळे मिटायला सांगा. त्याला म्हणा, ‘‘बोटाला हात लागला असे वाटले की उजवा किंवा डावा ते सांगा.’’ मग आपल्या बोटाचे टोक त्याच्या पायाच्या बोटाच्या टोकाला अगदी हलके, एक-दोन सेकंद लावा. दाबू नका, टोचू नका, गुदगुल्या करू नका. क्रम असा ठेवा : उजवा अंगठा, उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी, उजव्या पायाचे मधले बोट, डाव्या पायाचे मधले बोट. एकूण सहा जागा झाल्या. एखाद्या जागी त्याने सांगितले नाही तर तिथे पुन्हा हात लावून पाहू नका, ती जागा ‘नाही’ अशी धरा.

सहापैकी दोन किंवा जास्त जागी स्पर्श कळला नाही तर पाय बधिर होऊ लागला आहे असे समजा आणि डॉक्टरांना सांगा. सगळ्या जागी कळले तरी वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पाय तपासून घ्यावा. डॉक्टर एका बारीक प्लॅस्टिकच्या तारेने तळव्यावर स्पर्श पाहतात आणि पायाच्या वरच्या बाजूला व आतल्या घोट्यामागे नाडी लागते का ते पाहतात. तपासणी झाली नाही तर आपणच म्हणा, ‘‘डॉक्टर, माझे पाय पाहा.’’

रोजचे काम

सायंकाळी शेतातून, कामावरून आल्यावर पाहणीला बसावे. दिव्याखाली दोन्ही पाय पाहायचे. वरची बाजू, तळवा, टाच आणि बोटांच्या मधल्या फटी नीट पाहायच्या. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून तळवा पाहावा. नजर कमी असेल तर सूनबाईने, नातवाने पाहावे. नातवंडांना हे काम फार आवडते आणि त्यांची नजरही चांगली असते. फोड, लाली, सूज, चीर, काळा डाग, चिखल्या, रुतलेला काटा यांतले काहीही दिसले तर तो दिवस महत्त्वाचा समजायचा.

पाय कोमट पाण्याने आणि साबणाने धुवावेत. पाणी किती गरम आहे हे पायाने कधीच पाहू नका. कोपर बुडवून पाहा किंवा घरातल्या दुसऱ्याला पाहायला सांगा. पाय पाण्यात बुडवून ठेवण्याची गरज नाही. धुतल्यावर सुती फडक्याने पुसा, बोटांच्या फटी कोरड्या करा. पावसाळ्यात दिवसभर चिखलात काम केल्यावर हे फार जरुरीचे, कारण चिखल्यांच्या चिरेतूनच जंतू आत जातात. मग तळव्याला आणि टाचेला थोडे खोबरेल तेल लावा. बोटांच्या फटीत तेल लावू नका.

नखे सरळ रेषेत कापा, कोपरे खोल कोरू नका. कुरूप किंवा घट्टा ब्लेडने तासू नका. दुकानात मिळणारी कुरूप जाळणारी पट्टीही लावू नका, तिच्यातल्या आम्लाने आजूबाजूची कातडी जळते. घट्टा म्हणजे त्या जागी दाब जास्त पडतो आहे अशी खूण आहे, तो आरोग्य केंद्रात दाखवा.

बायांनी जोडव्यांकडे लक्ष द्यावे. पायाला सूज आली की जोडवे बोटात रुतते, खालची कातडी कापते, आणि बधिर बोटाला ते कळत नाही. पाय सुजत असतील तर जोडवी सैल करून घ्या किंवा काढून ठेवा.

रात्री शक्यतो खाटेवर झोपा. झोपण्यापूर्वी पाय धुवा, म्हणजे तेलाचा, अन्नाचा वास राहणार नाही. मच्छरदाणी गादीखाली खोचून घ्या. तिच्याने डासही जातील आणि उंदीरही. थंडीत पाय शेकोटीजवळ नेऊ नका, गरम विटेने किंवा पाण्याच्या पिशवीने शेकू नका. पाय गार पडत असतील तर सैल सुती मोजे घाला. मोजे फिक्या रंगाचे असावेत, म्हणजे रक्ताचा किंवा पाण्याचा डाग लगेच दिसतो. मोटारसायकलवर मागे बसताना सायलेन्सरला पाय लागत नाही ना, तेही पाहा.

पायात काय घालावे

अनवाणी चालू नका, घरातही नाही. घरात चप्पल घालणे आपल्याकडे बरे दिसत नाही, हे आम्ही जाणतो. त्यासाठी घरात वापरायचा वेगळा, स्वच्छ जोड ठेवा. पडलेली सुई, फुटलेल्या बांगडीची काच, चुलीतून उडालेला निखारा हे सारे घरातच असते.

अंगठ्याच्या पट्ट्याची पातळ रबरी चप्पल या आजारात पुरेशी नाही. तिचा पट्टा अंगठ्याजवळ घासतो, ती पायातून निसटते आणि बाभळीचा काटा किंवा पराटीचा खुंट तिच्या तळातून आरपार येतो. सोयाबीन सोंगून झालेल्या शेतातली धसकटे तर सुरीसारखी असतात. मागून पट्टा असलेली, पुढून रुंद, तळ बाहेरून टणक आणि आतून मऊ असलेली सँडल घ्या. शेतात बंद बूट किंवा गमबूट घाला, पण आत मोजे हवेत आणि संध्याकाळी बूट वाळवायला हवेत. पाय बधिर झाला असेल तर एमसीआर चप्पलबद्दल सरकारी रुग्णालयात विचारा.

नवी चप्पल संध्याकाळी घ्या, त्या वेळी पाय थोडे सुजलेले असतात. उभे राहून मापून घ्या. पहिले काही दिवस तासभरच घाला, मग काढून पाय पाहा. बूट घालण्यापूर्वी दर वेळी उलटा करून झटका आणि आत हात फिरवा. खडा, खिळ्याचे टोक, विंचू यांतले काहीही आत असू शकते.

पाय आणि चप्पल यांचा विचार भगवान बुद्धांनीही केलेला आहे. विनयपिटकात सोण कोळिविस या भिक्खूची हकीकत येते. चंक्रमण करून करून त्याचे कोवळे पाय फुटले, चालण्याची वाट रक्ताने भरली. बुद्धांनी त्याला एका तळाचे पायताण वापरायची मुभा दिली. मला एकट्याला ही सवलत नको, असे सोण म्हणाला. तेव्हा बुद्धांनी ती सगळ्या संघाला दिली. आजारी माणसाने पाय झाकणे यात मानापमान काहीच नाही, हे यावरून घ्यावे.

जखम झाली तर

जखम लहान असो की मोठी, पुढच्या गोष्टी लगेच करा.

उकळून गार केलेल्या पाण्याने जखम धुवा. स्वच्छ कापडाने किंवा गॉजने झाका. त्या पायावर चालणे बंद करा. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रात दाखवा. धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यायचे का ते विचारा. साखर तपासून घ्या. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन आपल्या मनाने बंद करू नका.

आता काय लावायचे नाही ते सांगतो. बिब्बा लावू नका. बिब्ब्याने कातडी जळते आणि बधिर पायाला ते कळत नाही, लहान जखमेचा मोठा भाजलेला व्रण होतो. राख, शेण, माती, तंबाखू, चुना, रॉकेल, पाल्याचा रस यांतले काहीही नको. आपल्या भागात हळद पिकते म्हणून घरोघरी जखमेवर हळद दाबतात. डब्यातली हळद जंतुविरहित नसते आणि तिच्या थराखाली जखम काळी पडते की पिकते हे दिसत नाही. मेडिकलमधून आपल्या मनाने मलम किंवा अँटिबायोटिकच्या चार गोळ्या आणून भागवू नका.

यांपैकी काही दिसले तर थांबूच नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा : जखमेभोवती लाली पसरते आहे, पाय गरम व सुजलेला आहे, पू किंवा घाण वास येतो आहे, बोट काळे किंवा निळे पडले आहे, थंडी वाजून ताप आला आहे, साखर एकदम वाढली आहे. बैलगाडीची, ऑटोची वाट पाहत बसू नका, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. दुखत नाही हे कारण घरी थांबायला पुरेसे नाही.

आणखी एक गोष्ट. जखम नाही, पण एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम, लाल आणि सुजलेला आहे, असे झाले तर मुरगळला असेल म्हणून चोळून घेऊ नका. बधिर पायातली हाडे आतल्या आत मोडू लागतात, त्याचीही ही खूण असते. अशा वेळी पाय टेकवू नका आणि डॉक्टरांकडे जा. चालत राहिले तर पायाची कमान बसते आणि तळवा कायमचा वाकडा होतो.

दवाखान्यात काय व्हायला हवे

जखम भरायला पट्टीपेक्षा इतर गोष्टी जास्त लागतात. मेलेली, काळी कातडी डॉक्टर कापून काढतात. घरच्यांना ते पाहवत नाही, पण मेलेल्या मांसाखाली जखम भरत नाही. जंतू आत गेले असतील तर योग्य अँटिबायोटिक पूर्ण दिवस घ्यावे लागते. हाडापर्यंत पोहोचले आहे का हे पाहायला क्ष-किरण फोटो काढतात. पायात रक्त पोहोचते का हे तपासतात. रक्तवाहिनी बंद असेल तर ती उघडण्याचे उपचार असतात, म्हणून पाय कापण्याचा सल्ला मिळाला की ‘‘रक्तपुरवठा तपासला का?’’ हे जरूर विचारा. मात्र जंतूंचे विष अंगात पसरले असेल तर बोट किंवा पाय काढून जीव वाचवणे भाग पडते. तेव्हा चार गावांची औषधे करत दिवस घालवू नयेत.

सर्वांत महत्त्वाचे, आणि सर्वांत जास्त टाळले जाणारे, म्हणजे पायावरचा दाब काढणे. रोज महागडी पट्टी बदलली आणि त्याच पायावर माणूस पाणी भरायला, शौचाला, दुकानाला चालत गेला तर जखम भरणार नाही. प्लॅस्टर, विशेष बूट, कुबड्या, वॉकर यांपैकी डॉक्टर सांगतील ते वापरा. घरच्यांनी त्या माणसाला काम सांगू नये आणि बसून आहे म्हणून बोलूही नये. त्याचे बसणे हाच त्याचा उपचार आहे.

दर आठवड्याला एकाच अंतरावरून, शेजारी एक नाणे ठेवून, मोबाइलवर जखमेचा फोटो काढा. नीट उपचार चालू असतील तर चार आठवड्यांत जखम निम्म्यावर यायला हवी. तशी आली नाही तर मोठ्या रुग्णालयात दाखवा आणि फोटो सोबत न्या.

जखम भरली की काम संपत नाही. एकदा जखम झालेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोकांना वर्षभरात पुन्हा जखम होते. भरलेली कातडी नाजूक असते, चप्पल आणि रोजची पाहणी आयुष्यभर चालू ठेवावी लागते.

कोठे जायचे

साखरेची आणि रक्तदाबाची तपासणी तीस वर्षांवरील सर्वांसाठी उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात, त्यांना टाळू नका. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार नि:शुल्क आहेत. ढाणकीहून पुढे पाठवले तर उमरखेड आणि पुसदची सरकारी रुग्णालये आहेत. त्यापुढे यवतमाळचे श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि नांदेडजवळ विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. ढाणकीकरांना नांदेड जवळ पडते, जिल्हा वेगळा म्हणून अडून राहू नका.

शस्त्रक्रियेची वेळ आली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ती बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होतानाच विचारा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवा. सावकाराकडे जाण्याआधी त्या खिडकीवर जा. पाय किंवा पायाचा भाग गेलेला असेल तर दिव्यांग प्रमाणपत्र काढून घ्या. जयपूर फूटसारखे कृत्रिम पाय अनेक शिबिरांत मोफत मिळतात आणि ते लावून माणूस शेतातही चालतो.

वस्तीतून विचारले जाणारे प्रश्न

इन्सुलिन सुरू झाले म्हणजे शेवट जवळ आला का?
नाही. जखम असताना साखर लवकर ताब्यात यावी म्हणून इन्सुलिन देतात. काहींचे ते पुढे बंदही होते. इन्सुलिनने पाय जात नाही. इन्सुलिन टाळून साखर वाढू दिली तर पायाला धोका वाढतो.

अंडी-मटण खाल्ल्याने जखम पिकते म्हणतात, ते खरे का?
नाही. जखम भरायला प्रथिने लागतात. डाळ, हरभरा, अंडी, मासे, शेंगदाणे खावेत. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर किती खावे ते डॉक्टरांना विचारावे. पथ्याच्या नावाखाली नुसत्या भातावर ठेवलेल्या माणसाची साखर वाढते आणि ताकद घटते.

साखर किती असावी?
बहुतेकांसाठी उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी सातच्या आसपास असावी. वय फार असेल किंवा इतर आजार असतील तर डॉक्टर हे आकडे थोडे सैल करतात.

पायांची रात्री आग होते, काय करावे?
गार पाण्यात पाय बुडवून बसू नका, बाम चोळू नका. आग होणे ही नसा बिघडत असल्याची खूण आहे. त्यासाठी वेगळी औषधे असतात, ती डॉक्टर देतात.

विहारात करता येण्यासारखे

वर्षावासाच्या तीन महिन्यांत संध्याकाळी विहारात ग्रंथवाचनाला माणसे जमतात. त्यांतली एक संध्याकाळ पायांसाठी ठेवा. वाचन झाल्यावर वर सांगितलेली स्पर्शाची परीक्षा एकमेकांची करा. ज्यांचे दोन किंवा जास्त स्पर्श चुकतील त्यांची नावे वहीत लिहा आणि आशाताईंना सांगून त्यांना एकत्र आरोग्य केंद्रात न्या. एकट्याला दवाखान्यात जायला संकोच होतो, दहा जण मिळून गेले तर होत नाही.

विहाराच्या पायरीवर चपला काढतो, ते ठीकच आहे. ज्यांचे पाय बधिर आहेत त्यांना आत स्वच्छ मोजे किंवा वेगळी चप्पल घालू द्या, आणि फरशी तापते त्या दिवसांत दारापासून चटई टाका. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत आणि बुद्धपौर्णिमेला आपल्याकडे डांबर इतके तापते की अनवाणी पायाला फोड येतात. साखर असलेल्यांनी मिरवणुकीत बूट-मोजे घालूनच चालावे. दीक्षाभूमीला किंवा ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाणाऱ्यांनी पिशवीत मोज्यांचा जास्तीचा जोड, गोळ्या आणि फडके ठेवावे. नवी चप्पल घालून जाऊ नये. मुक्कामाला पोहोचल्यावर आधी पाय पाहावेत, मग जेवावे.

आज रात्रीपासून सुरुवात करायला काही लागत नाही. घरात ज्यांना साखर आहे त्यांना खाटेवर बसवा, दिवा जवळ घ्या आणि त्यांचे पाय मांडीवर घेऊन नीट पाहा. काही दिसले तर उद्या सकाळी कामावर जाण्याआधी आरोग्य केंद्र गाठा.

जयभीम.